‘मानसिकदृष्ट्या’ : एका शब्दामागची वाट

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत माणूस ‘मनातनं खचतो’, ‘मनाला लावून घेतो’. दवाखान्याच्या कागदावर तोच ‘मानसिकदृष्ट्या खचलेला’ होतो.

शब्दाचे दोन्ही तुकडे संस्कृत. ‘मनस्’वरून मानस, मानसिक, आणि ‘दृष्ट्या’ म्हणजे ‘दृष्टि’ची तृतीया, ‘दृष्टीने’. म्हणूनच तो जोडून लिहायचा आणि ‘ट’ अर्धा ठेवायचा. ‘दृष्टया’ ही चूक फलकांवर सर्रास दिसते. ही जोडणी मात्र जुन्या मराठीच्या वळणाची नाही. इंग्रजी शिक्षणातून नवी शास्त्रे आली, तेव्हा विशेषणाला ‘दृष्ट्या’ किंवा ‘रीत्या’ लावून क्रियाविशेषण घडवायची सवय लेखी मराठीत रुजली. मानसशास्त्र तरी कुठे जुने? या शास्त्राची पहिली मानली जाणारी, जर्मन मानसशास्त्रज्ञ व्हुंट यांची लाइपझिगची प्रयोगशाळा १८७९ची.

कायद्याची भाषाही याच काळात पालटत गेली. १९१२च्या ‘इंडियन लुनसी अ‍ॅक्ट’च्या नावातच ‘वेडेपणा’ (लुनसी) हा शब्द होता. १९८७ साली त्या जागी मानसिक आरोग्य आले आणि २०१७चा कायदा रुग्णाच्या हक्कांबद्दल बोलू लागला. ‘वेडा’ म्हणून हिणवलेल्या माणसाला ‘मानसिकदृष्ट्या आजारी’ म्हणणे हा मला मोठा फरक वाटतो.

आपल्या भागात या शब्दाला शेजारही आहे. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, पुढे सरकारी कागद कन्नडमधून येऊ लागले आणि त्यांत ‘मानसिकवागि’ भेटला. पहिला तुकडा तोच, पण ‘आगि’ म्हणजे ‘होऊन’. मराठी शब्द मनाच्या बाजूने पाहतो, कन्नड शब्दात ‘होणे’ आहे. दोन्ही भाषांत वावरणाऱ्यालाच हे जाणवते, आणि हे धन आपल्याकडे आहे याचा मला मनापासून आनंद आहे.

पण या ‘मनापासून’च्या जागी ‘मानसिकदृष्ट्या’ घालून पाहा, वाक्य मोडते. तो शब्द तुलना करताना शोभतो : ‘शारीरिकदृष्ट्या बरी आहे, मानसिकदृष्ट्या अजून सावरलेली नाही.’ कन्नड पत्रकाचे मराठी करताना प्रत्येक ‘मानसिकवागि’ला तोच ठेवला, तर पत्रक कचेरीचे वाटते. ‘तुम्ही मानसिकदृष्ट्या त्रस्त आहात का?’ असे विचारले तर आपली आजी गोंधळेल. ‘मनाला काय लागलंय काय?’ म्हटले की ती बोलू लागेल.