'अँक्शस अबाउट' की 'अँक्शस फॉर'? पावसाची धास्ती आणि पावसाची ओढ

माझा भाचा औशाला असतो. पॉलिटेक्निक झाल्यावर पुण्याच्या एका कंपनीत त्याची मुलाखत झाली. दोन दिवसांनी त्यानं तिकडं ईमेल टाकला आणि पाठवून झाल्यावर मला दाखवला. पहिलीच ओळ होती : 'आय ॲम अँक्शस अबाउट जॉइनिंग युवर कंपनी.' त्याला म्हणायचं होतं, तुमच्याकडे रुजू व्हायला मी फार उत्सुक आहे. वाचणाऱ्याला मात्र वाटणार, या पोराला रुजू होण्याचीच धास्ती आहे. मी तसं सांगितलं तर तो म्हणाला, "पण मामा, डिक्शनरीत तर 'उत्सुक'च दिलंय की." मोबाईल पुढं केला. शब्दासमोर दोन अर्थ होते, चिंतातुर आणि उत्सुक, मध्ये नुसता स्वल्पविराम.

दोन्ही अर्थ बरोबर आहेत. कोणता घ्यायचा ते पुढचा छोटा शब्द ठरवतो, आणि नेमका तोच तिथं दिलेला नव्हता.

आपल्याकडच्या पावसावरून हे मला चांगलं समजावता येतं. जून महिना घ्या. मृग कोरडा चाललाय, रान तयार आहे, सोयाबीनच्या बियाण्याच्या बॅगा घरात येऊन पडल्यात आणि ढग नुसते येऊन जातात. या शेतकऱ्याबद्दल इंग्रजीत म्हणायचं, 'ही इज अँक्शस फॉर रेन.' पाऊस हवाय, अजून आलेला नाही, जीव त्याच्याकडे लागलाय.

त्याच माणसाला सप्टेंबरच्या अखेरीस भेटा. सोयाबीन काढून बनीम लावलेली आहे, वर ताडपत्री, कडेनं दगड ठेवलेत. मळणीयंत्राचा नंबर यायचाय. आभाळ भरून आलं की तो रात्रीतून दोनदा उठून ताडपत्री बघतो, कारण भिजलं तर दाणा काळा पडतो, शेंगेतच कोंब फुटतात आणि आडतीवर भाव पडतो. आता म्हणायचं, 'ही इज अँक्शस अबाउट द रेन.' माणूस तोच, पाऊसही तोच. फक्त 'फॉर'च्या जागी 'अबाउट' आला आणि ओढीची धास्ती झाली.

मराठीत आपण हे वेगळ्या तऱ्हेनं करतो. 'पावसाची ओढ' आणि 'पावसाची धास्ती' यांत 'पावसाची' जसंच्या तसं राहतं, पुढचं नाम बदलतं. इंग्रजीत भावनेचा शब्द जागच्या जागी राहतो आणि जोडणारा शब्द बदलतो. म्हणून आपली मुलं विशेषण पाठ करतात आणि जोडशब्द कुठलाही लावून मोकळी होतात. त्यांना वाटतं, अर्थ तर विशेषणातच आला.

'अबाउट'चा जुना अर्थ 'भोवती' असा आहे. काळजी गोष्टीभोवती फिरत राहते, ती गोष्ट हवी आहे असं त्यात कुठंच येत नाही. 'फॉर'मध्ये मन थेट त्या गोष्टीकडे धाव घेतं. एवढं डोळ्यांसमोर ठेवलं तरी निम्मी गफलत टळते.

उरलेली निम्मी खुद्द 'अँक्शस'मध्ये आहे. हा शब्द लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी गळा आवळण्याचा अर्थ आहे. उत्सुकतेची छटा त्याला इंग्रजीत अठराव्या शतकात चिकटली आणि ती काही काटेकोर व्याकरणकारांना आजही खपत नाही. मला ती चालते, पण गळ्यावरची ती पकड विसरून नाही. 'अँक्शस फॉर'मधली ओढ जीव टांगणीला लागल्याची असते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा लातूर 'अँक्शस फॉर वॉटर' होतं. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांत मिळून सुमारे 5 लाख लिटर पाणी होतं. घागरी घेऊन नंबरला उभ्या असलेल्या बायांना कुणी 'ईगर फॉर वॉटर' म्हणालं, तर मला ते हलकं वाटेल. 'ईगर'मध्ये उत्साह असतो, आणि तिथं उत्साह नव्हता.

एक अडचण मात्र आहेच. 'फॉर'पुढं माणूस आला की पुन्हा काळजीच निघते. 'शी इज अँक्शस फॉर हर सन' म्हणजे तिला मुलगा हवाय असं नव्हे, मुलासाठी तिचा जीव खालीवर होतोय. मराठीतल्या 'साठी'त हीच माया आहे, म्हणून आपल्या मुलांना हे पटकन उमगतं.

पुढच्या दिवसांबद्दल बोलताना लागणारे बाकीचे शब्द एवढे अडवत नाहीत. 'ऑप्टिमिस्टिक'ला 'अबाउट' लावला की काम झालं. 'होपफुल ऑफ'पुढं मिळणारी ठरावीक गोष्ट येते, जसं 'होपफुल ऑफ गेटिंग अ सीट'. एकूण भवितव्याविषयी बोलायचं तर 'होपफुल अबाउट'. 'कॉन्फिडंट'कडे मात्र लक्ष द्या. निकालाची खात्री असेल तर 'कॉन्फिडंट ऑफ', मुलीवर भरवसा असेल तर 'कॉन्फिडंट इन'. आपल्या 'वर'मुळे मुलं 'कॉन्फिडंट ऑन माय डॉटर' लिहितात. माझ्या वर्गात ही चूक दर आठवड्याला येते, आणि त्यात पोरांचा दोष नाही. मराठीत भरवसा माणसावरच ठेवतात.

भाच्याला मी दुसरा ईमेल लिहायला लावला. त्यानं आपणहून 'अबाउट' खोडून 'अँक्शस टू जॉइन' केलं आणि माझ्याकडे बघितलं. व्याकरणात ते बसतं, अर्थही 'रुजू व्हायला उतावीळ' असाच होतो. तरी नोकरीच्या पत्रात मी ते ठेवू दिलं नाही. अनोळखी साहेबाच्या नजरेला 'अँक्शस' दिसला की काळजीच आधी दिसणार, पुढचा 'टू' नंतर. 'ईगर टू जॉइन' असं करून त्यानं पाठवलं. उत्तर अजून यायचंय. ताई रोज संध्याकाळी फोन करून विचारते, "आलं का रे काही?" तिच्यासाठी 'अँक्शस' हाच शब्द बरोबर आहे. उत्तरासाठी 'फॉर', पोराच्या पुढच्या दिवसांसाठी 'अबाउट', दोन्ही एकदमच.