‘फक्त सल्लागार’ होते, हे खरं नाही

‘१९६५ पर्यंत व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे फक्त सल्लागार होते, लढाई नंतर सुरू झाली’ हे वाक्य आजही सर्रास ऐकू येतं. ते चुकीचं आहे.

८ जुलै १९५९ च्या रात्री दक्षिण व्हिएतनाममधल्या बिएन होआच्या तळावर तिथल्या सैन्याला प्रशिक्षण देणारे काही अमेरिकी सल्लागार चित्रपट पाहत होते. रीळ बदलायला दिवे लावले, तेवढ्यात खिडक्यांतून कम्युनिस्ट गनिमांच्या गोळ्या आल्या. दोन अमेरिकन ठार झाले. १९६१ च्या अखेरीपासून तर अमेरिकी वैमानिक ‘प्रशिक्षणा’च्या नावाखाली या गनिमांवर हल्ले करत होते, सोबत एक व्हिएतनामी सैनिक बसवला की कागदोपत्री काम भागायचं. ही लोकांची उघड फसवणूक होती. १९६३ संपताना ‘सल्लागार’ १६ हजारांच्या घरात होते.

पुढचं ओघानेच आलं. फेब्रुवारी १९६५ मध्ये प्लेकूच्या तळावर आठ अमेरिकन मारले गेले, म्हणून उत्तर व्हिएतनामवर बॉम्बहल्ले. त्यासाठी दा नांगचा विमानतळ लागणार, मग त्याला पहारा हवा. ८ मार्चला साडेतीन हजार अमेरिकी मरीन सैनिक उतरले ते पहाऱ्यासाठीच! काही आठवड्यांतच त्यांना तळाबाहेर जाऊन लढायची परवानगी मिळाली. १९६८ मध्ये व्हिएतनाममध्ये पाच लाखांहून जास्त अमेरिकी सैनिक होते.