ससा नेताय? तो की ती, हे आधी बघू

पिल्लू हातात घेतल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: "मुलगा आहे की मुलगी?" पिल्लू 8 आठवड्यांच्या आतलं असेल तर आम्ही पावतीवर 'नर' किंवा 'मादी' लिहितो आणि पुढे प्रश्नचिन्ह काढतो. ते चुकून पडलेलं नसतं. मागे आमच्याच दुकानातून 'दोन बहिणी' म्हणून एक जोडी गेली. काही महिन्यांनी त्यातल्या एकीने स्वतःच्या अंगाचे केस उपटून कोपऱ्यात गादी केली. दुसऱ्या दिवशी त्यात सहा पिल्लं, अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले. चूक आमची होती.

नुसतं बघून फसायला होतं. त्यात आपली भाषाही भर घालते. मराठीत ससा 'तो', खार 'ती', मांजर 'ते', मग खाली वाकून बघतंय कोण? मुलांचा हिशोब कार्टूनचा: डोक्यावर बो आणि लांब पापण्या, म्हणजे मुलगी. मिनी माउसपुरतं ते बरोबर आहे, पण पापण्यांमुळेच ट्वीटीला घरोघरी 'ती' म्हणतात आणि तो मुलगा आहे. बग्स बनी तर हवं तेव्हा बायकांचे कपडे घालून समोरच्याला गंडवतो. खऱ्या सशाचा रंग, पापण्या, लाडिकपणा यातून काहीच कळत नाही. मोठ्या मादीच्या हनुवटीखाली बऱ्याचदा कातडीची जाड घडी येते, नराचं डोकं जरा रुंद दिसतं. पिल्लात यातलं काही नसतं.

घरी बघायचं असेल तर जमिनीवर बसा, म्हणजे सुटला तरी उंचावरून पडणार नाही. मांडीवर टॉवेल घ्या. सशाची पाठ आपल्या पोटाला टेकवा आणि ढुंगणाखाली हात ठेवा. पाय हवेत राहिले तर तो इतक्या जोरात झाडतो की स्वतःचाच मणका मोडू शकतो. कान धरून उचलणं तर नकोच. आता शेपटी दोन बोटांत धरून अंगठ्याने जननेंद्रियाच्या वरच्या बाजूला हलकेच दाबा. गोल तोंडाची छोटी नळी वर आली तर नर. गुदद्वाराच्या दिशेने जाणारी उभी फट दिसली तर मादी. नरात या दोन जागांमधलं अंतरही जास्त असतं. लहान मादीचंही टोक थोडं वर येतं, आमचीही गफलत तिथेच होते. साधारण 10 ते 12 आठवड्यांनी नराच्या वृषणाच्या दोन लांबट पिशव्या दिसू लागतात. घाबरला की तो वृषण आत ओढून घेतो, म्हणून दिसले नाहीत म्हणजे मादीच, असं धरू नका.

जोडी नेली असेल तर तीन महिन्यांचे होताच पुन्हा दाखवा, आणि खात्री होईपर्यंत दोन पिंजरे. छोट्या जाती साडेतीन-चार महिन्यांत वयात येतात. गाभण मादी साधारण 31 दिवसांत विते आणि नर शेजारी असेल तर त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. नसबंदी केलेला नरही पुढचे 4 ते 6 आठवडे वेगळाच ठेवा. आणि दोन्ही नर निघाले तर पिल्लं होणार नाहीत, मारामाऱ्या मात्र होतील. नसबंदी कधी करायची ते सशांची माहिती असलेल्या डॉक्टरांना विचारा.

आमच्याकडे दाखवायला पैसे पडत नाहीत. पावती आणा, प्रश्नचिन्ह खोडून देऊ. तोवर नाव 'चिकू'सारखं ठेवा, दोघांनाही चालतं.