मींड ऐकू आली म्हणून ती गिटार ठरत नाही

कीबोर्डवादक यान हॅमरचा 'द फर्स्ट सेव्हन डेज' हा 1975 चा अल्बम लावला की आमच्या ठाण्यातल्या ऐकणाऱ्या मंडळींत एक प्रश्न हमखास येतो: "गिटारवर कोण आहे रे? काय वाजवलंय!" गिटारवर कोणी नाही. या अल्बममध्ये गिटारच नाही, आणि तसं कव्हरवर छापलेलंही आहे. पियानो, इलेक्ट्रिक पियानो, सिंथेसायझर, मेलोट्रॉन (टेपवर मुद्रित केलेले वाद्यांचे सूर पट्ट्यांवरून वाजवणारं वाद्य), ड्रम्स हे सगळं हॅमरचं. सोबतीला स्टीव्ह किंडलरचं व्हायोलिन आणि डेव्हिड जॉन्सनचे कोंगा. तरीही पाचपाखाडीतल्या बैठकीत या अल्बमबद्दल जी मतं ऐकू येतात, त्यातली निम्मी त्या नसलेल्या गिटारवाल्याच्या कौतुकाची असतात. वाशीहून येणारा आमचा एक मित्र स्वतः रॉक बँडमध्ये गिटार वाजवतो. तोसुद्धा फसला.

गिटारबद्दल फार सांगायची गरज नाही. सहा तारा, पडदे, पिकअप, अँप्लिफायर, डिस्टॉर्शन. तो आवाज सगळ्यांच्या कानात बसलेला आहे. प्रश्न दुसऱ्या, म्हणजे या अल्बममध्ये गिटार भासणाऱ्या वाद्याचा आहे. ते म्हणजे मिनीमोग, 1970 साली बाजारात आलेला सिंथ (सिंथेसायझर): 44 पट्ट्या, आवाज निर्माण करणारे तीन ऑसिलेटर आणि पट्ट्यांच्या डावीकडे दोन छोटी चाकं. त्यातलं पहिलं चाक फिरवलं की वाजत असलेला स्वर वर किंवा खाली सरकतो. सगळा घोळ या चाकापाशी आहे.

आपले कान पेटीवर तयार झालेत. पट्टी दाबली की ठरलेला स्वर येणार, दोन स्वरांच्या मधलं काही येणार नाही, हे आपण गृहीत धरतो. आकाशवाणीने 1940 पासून तीन दशकं पेटीला दूर ठेवलं, त्यामागे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाणं, निघत नाही हा मोठा आक्षेप होता. त्यामुळे मींड कानावर पडली की पट्ट्यांचं वाद्य आपण मनातल्या मनात बाद करतो आणि तार शोधायला लागतो. तो आवाज व्हायोलिनचा नाही म्हटल्यावर उरते गिटार. रॉक ऐकणाऱ्या पाश्चात्त्य श्रोत्यांचीही फसगत होते, पण ती आवाजाच्या पोतामुळे. आपली मींडेमुळे होते, म्हणून उपायही मींडेतच शोधायला हवा.

सतारीवर मींड कशी घेतात ते आठवा. पडद्यावर तार ओढली की ताण वाढतो आणि स्वर चढतो. ओढून स्वर उतरवता येत नाही. उतरती मींड हवी असेल तर आधी तार ओढून ठेवायची, छेडायची आणि मग सैल सोडायची. गिटारचा बेंड नेमका हाच. तार आडवी ओढून बोटाने घेतलेलं आंदोलनसुद्धा मूळ स्वरापासून वर जातं आणि परत येतं, मूळ स्वराच्या खाली जात नाही. मिनीमोगच्या चाकाला ताणाचं बंधन नाही. स्वर लागल्यानंतर तो खाली ढळतो, परत जागेवर येतो, तिथून वर जातो, आणि हे सगळं एकाच स्वरात, पुन्हा न छेडता. 'गिटार' वाजतेय असं वाटेल तिथे लांब स्वर पकडा आणि तो आधी खाली झुकतोय का ते ऐका. झुकत असेल तर बहुतेक वेळा उजवा हात पट्टीवर आणि डावा चाकावर आहे.

बहुतेक वेळा असं म्हणायचं कारण व्हॅमी बार. ती दांडी दाबली की तारा सैल पडतात आणि गिटारचा स्वरही खाली जातो. म्हणून दुसरी परीक्षा, आणि माझा जास्त भरवसा हिच्यावर आहे. मिनीमोग एका वेळी एकाच पट्टीचं ऐकतो. पुढची पट्टी वाजली की मागचा स्वर तिथेच संपतो. गिटारवाला एका तारेवरून दुसऱ्या तारेवर जातो तेव्हा मागची तार क्षणभर तरी गुंजत राहते, दोन स्वर एकमेकांवर सांडतात. सिंथच्या द्रुत तानेत असं काही सांडत नाही. तीन ऑसिलेटर षड्ज-पंचमाच्या अंतरावर लावले तर दोन स्वर एकदम ऐकू येतात खरे, पण चाक फिरवलं की दोन्ही बरोबर सरकतात. गिटारवर मात्र एक तार स्थिर ठेवून दुसरी ओढता येते. एक सूर जागेवर आणि दुसरा चढत त्याला भेटतोय असं ऐकलं, तर ती नक्की गिटार.

बाकीच्या खुणा किरकोळ. पिकचा (तार छेडायच्या चकतीचा) टोकदार आघात आणि तारेवरून बोट घासल्याचा आवाज गिटारचा. स्वर बंद तोंडाने सुरू होऊन हळूहळू 'आ'कार उघडावा तसा मोकळा होत गेला, तर ते सिंथच्या फिल्टरचं काम. आणि कृपा करून ऱ्होड्स या इलेक्ट्रिक पियानोला सिंथ म्हणू नका. त्यात खरे हातोडे धातूच्या काड्यांवर आपटतात आणि पिकअप तो नाद उचलतो.

ओळख पटल्यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात: "म्हणजे गिटारची नक्कल केलीय." या मताचा मला मनापासून राग येतो. हॅमर आधी महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडमध्ये होता. तिथे जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार, जेरी गुडमनचं व्हायोलिन आणि हॅमरचा मोग एकच वाक्यखंड एकमेकांकडे फेकायचे. 1971 ते 1973 या काळात ते तिघे मिळून एक बोली घडवत होते, आणि त्या बोलीवर एकट्या गिटारची मालकी नाही. मॅक्लॉफ्लिन स्वतः आपल्या रागसंगीतात खोल बुडालेला माणूस. मोगमधून मींड येते ती गाणाऱ्या गळ्याच्या ओढीने. अल्बम आवडला नाही तर जरूर सांगा. सृष्टी सात दिवसांत घडली या बायबलमधल्या कथेवरची अल्बमची कल्पना जड वाटते, मेलोट्रॉनच्या सुरांचे थर जास्त झालेत, यावर वाद घालता येतो, आणि मेलोट्रॉनबद्दल मी तुमच्याच बाजूने आहे. पण जे वाद्य तिथे नाही त्याच्या मापाने अल्बम मोजू नका.

कान तपासायचा असेल तर गिटारवादक जेफ बेक आणि यान हॅमर ग्रुपचा 1977 चा लाइव्ह अल्बम घ्या. तिथे दोन्ही वाद्यं खरोखर आहेत आणि एकमेकांना उत्तरं देतात. बेकच्या हाताशी व्हॅमी बार आहे, त्यामुळे खाली झुकणारी मींड तिथे पुरावा धरू नका. स्वर एकमेकांवर सांडतात का, तेवढंच ऐका.