गोळ्या, व्हायरल लोड आणि संशोधनाचं संमतीपत्र

आमच्याकडे एचआयव्हीच्या उपचारांसाठी नवीन आलेले बहुतेक जण आधी सीडी४ चा, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, आकडा विचारतात. शरीराची प्रतिकारशक्ती किती उरली आहे ते त्यावरून कळतं. पण गोळ्या सुरू झाल्या की आम्ही जास्त लक्ष ठेवतो ते व्हायरल लोडवर, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणावर, कारण औषध लागू पडतंय की नाही ते त्यातून कळतं.

सीडी४ खाली येईपर्यंत थांबायची पद्धत आता गेली. निदानानंतर लगेच गोळ्या सुरू केल्या तर गंभीर आजाराचा किंवा मृत्यूचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २०१५ साली ‘स्टार्ट’ अभ्यासात दिसलं. मेंदूच्या आवरणाला क्षयरोगासारखा संसर्ग असेल तर मात्र आम्ही मुद्दामच काही आठवडे थांबतो.

बरं वाटू लागलं म्हणून गोळ्या बंद करू नका. विषाणू काही पेशींत दडून राहतो आणि औषध थांबलं की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच पुन्हा वाढतो. सोबत हिपॅटायटिस बी असेल तर धोका आणखी वाढतो: गोळ्यांतलं टेनोफोव्हिर हे औषध त्यालाही आवरून धरत असतं, ते अचानक सुटलं तर यकृताला सूज येऊ शकते.

एक गोष्ट रुग्णांकडून सांगायची राहून जाते, ती म्हणजे ॲसिडिटीचं औषध. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेल्या औषधामुळे डोल्युटेग्राव्हिर हे एचआयव्हीचं औषध नीट शोषलं जात नाही. म्हणून डोल्युटेग्राव्हिर त्याच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्या. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा लागतं. दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठीही म्हणूनच आम्हाला दाखवा.

व्हायरल लोड सतत २०० च्या (रक्ताच्या दर मिलिलिटरमागे विषाणूच्या २०० प्रतींच्या) खाली राहिला तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ‘पार्टनर’ अभ्यासांत शेकडो जोडप्यांचे कंडोमशिवाय संबंध आले, तरी उपचार घेणाऱ्या जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. स्तनपान आणि एकमेकांच्या सुया वापरणं यांना मात्र हा दिलासा जसाच्या तसा लागू होत नाही.

आता संशोधनाबद्दल. भाग घ्यायचा की नाही, हे सर्वस्वी तुम्ही ठरवायचं. नाही म्हणालात किंवा मध्येच बाहेर पडलात तरी तुमचे नेहमीचे उपचार तसेच चालू राहतात. कोणताही अभ्यास नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय सुरू होत नाही. दर दोन महिन्यांनी घ्यायची एचआयव्हीवरची कॅबोटेग्राव्हिर-रिल्पिव्हिरिनची इंजेक्शनं आज मिळतात, तीही अशाच अभ्यासांत लोक स्वतःहून सहभागी झाले म्हणून.

संमतीपत्रावर त्याच दिवशी सही करायची गरज नाही. घरी न्या, विश्वासातल्या माणसाला वाचायला द्या. मग आम्हाला विचारा: उरलेल्या रक्ताचं काय करणार? माझं नाव कोणाकोणाला दिसेल? अभ्यास संपल्यावर हेच औषध मिळत राहील का? उत्तर गोलमोल वाटलं तर सही करू नका.