पोर्तुगीज पासपोर्ट (गोवा)

गोव्यात कोणी ‘पोर्तुगीज केला’ म्हटलं की अर्थ एकच, पासपोर्ट काढला. पोर्तुगीज अमलात गोवा, दमण किंवा दीवला जन्मलेला माणूस, त्याची मुलं आणि नातवंडं यांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं, आणि ते मिळालं की युरोपात जायचा व्हिसा सुटतो, मात्र स्वतःच्या घरी यायला व्हिसा लागतो. लोक पहिला भाग नीट ऐकतात, दुसऱ्याला ‘बघू मग’ म्हणतात, आणि सगळे घोळ तिथेच होतात. हे फक्त ख्रिश्चनांसाठी असतं असा घाटावरच्या लोकांचा समज आहे, तो चूक. धर्माचा काही संबंध नाही, जन्म कधी आणि कुठे झाला एवढंच बघतात.

गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. त्यानंतर १९६२ मध्ये भारत सरकारने नागरिकत्वाचा आदेश काढून इथल्या लोकांना भारतीय मानलं, ज्यांना पोर्तुगीजच राहायचं होतं त्यांनी महिन्याभरात तसं लिहून द्यायचं होतं. पोर्तुगालने मात्र भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते थेट ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात, तेही त्याच वर्षी एप्रिलमध्ये लिस्बनातली हुकूमशाही कोसळली म्हणून. त्यांच्या कायद्याच्या नजरेत मुक्तीआधी इथे जन्मलेला माणूस त्यांचाच. म्हणून अर्जात ‘आम्हाला नागरिकत्व द्या’ असं काही नसतं, ‘आमचा जन्म तुमच्या दप्तरात लिहून घ्या’ असं असतं. यालाच लोक ‘लिस्बनात नाव घालणं’ म्हणतात.

नाव घालताना वरून खाली यावं लागतं. आधी आजी-आजोबांचा जन्म, मग त्यांचं लग्न, मग आईबाबांचा जन्म, त्यांचं लग्न, मग आपण. माणूस वारला असला तरी त्याची नोंद होऊ शकते. आता खरी गंमत सुरू होते ती नावांची. जुने दाखले पोर्तुगीजमध्ये, लिहिणाऱ्याने कानाला लागेल तसं लिहिलेलं, त्यामुळे शेणै झाले ‘सिनाय’, प्रभू झाले ‘पोरोबो’, कामत झाले ‘कामोतीं’, शिवाय क साठी कधी सी तर कधी क्यू, आणि नंतर शाळेत मास्तरांनी इंग्रजीत तिसरंच स्पेलिंग घातलेलं. एकाच आजोबांची तीन कागदांवर तीन नावं, आणि हे तिघे एकच माणूस आहेत हे सिद्ध करायला नातू पणजीला खेपा घालतोय हे आमच्याकडे अगदी कॉमन दृश्य आहे. दाखले दुरुस्त करा, अपोस्टिल करा (म्हणजे परदेशात चालावेत म्हणून सरकारी शिक्का घ्या), पोर्तुगीजमध्ये भाषांतर करा. पणजीत आल्तिन्यावर पोर्तुगालचा कोन्सुलाद, म्हणजे वकिलात, आहे, पण पणजी-मडगाव-म्हापशाला एजंटही भरपूर आहेत आणि बहुतेक लोक त्यांच्याकडेच जातात. माझ्या मते आजोबांचा दाखला स्वतः एकदा नीट वाचून मगच एजंटाला पैसे द्यावेत, आमच्या घरात एका अक्षरासाठी दीड वर्ष गेलं आणि चूक पहिल्या दिवसापासून डोळ्यासमोर होती.

एवढी उस्तवार कशासाठी, तर भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, काढून बघा. बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न, हॉटेल बुकिंग, किमान ३०,००० युरोचा विमा, परतल्यानंतरही निदान ३ महिने चालेल असा पासपोर्ट, जून २०२४ पासून फी ९० युरो, आणि एवढं करून १८० दिवसांत ९० दिवसच राहायचं, कामधंदा करायचा नाही. पोर्तुगीज पासपोर्टवर यातलं काहीच नाही, युरोपियन युनियनच्या कुठल्याही देशात जा, नोकरी करा. खरं आकर्षण मात्र इंग्लंडचं होतं, स्विंडन आणि साउथॉलला गोंयकारांच्या वसाहतीच झाल्या. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यावर, ते दार लोटलं गेलं. ३१ डिसेंबर २०२० च्या आत तिथे राहायला गेलेल्यांना तिथेच राहू देणारी सेटलमेंट स्कीम होती, आता नव्याने जाणाऱ्याला पोर्तुगीज पासपोर्ट असला तरी कामासाठी व्हिसा लागतो, आणि नुसतं फिरायला जायचं तरी एप्रिल २०२५ पासून आधी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, काढावा लागतो. गावात अजून कोणी ‘पोर्तुगीज केला की लंडन’ म्हणत असेल तर त्याची माहिती जुनी आहे.

आता दुसरा भाग. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, संविधानाचं कलम ९ आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा याबाबत स्पष्ट आहेत, परक्या देशाचा पासपोर्ट स्वखुशीने घेतला की भारतीय नागरिकत्व संपतं. मतदान गेलं, निवडणूक लढवणं गेलं. नुसतं लिस्बनात नाव घातलं, पासपोर्ट काढलाच नाही, तर काय, यावर गोव्यात कोर्टकचेऱ्या झाल्यात आणि आमदारांच्या निवडणुकाही त्यात अडकल्यात. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. काही जण दोन्ही खिशात ठेवतात आणि विमानतळावर अडकतात, कारण भारतीय पासपोर्टवर निघालात की काउंटरवरचा माणूस विचारणार, पुढचा व्हिसा कुठाय? मग दुसरा पासपोर्ट काढून दाखवावाच लागतो.

घरी यायचे रस्ते दोन. ई-व्हिसा, जो दाबोळी आणि मोपा दोन्ही विमानतळांवर चालतो, किंवा ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड, म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा. ओसीआयवर राहता येतं, वडिलोपार्जित जमीन वारसाने मिळते, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. ओसीआयसाठी पासपोर्ट परत केल्याचं सर्टिफिकेट लागायचं, २०२२ च्या अखेरीस केंद्राने अशा लोकांचे पासपोर्ट थेट रद्द करायला सुरुवात केली, त्यामुळे सर्टिफिकेट मिळेना आणि कार्डही अडकलं, शेवटी एप्रिल २०२४ मध्ये रद्द केल्याचा आदेशच कागद म्हणून चालेल असं ठरलं. कार्ड मिळालं तरी ते एकटं चालत नाही, इमिग्रेशनला सोबत पोर्तुगीज पासपोर्ट दाखवावा लागतो.