माजी विद्यार्थी (मराठवाड्यातली खासगी विद्यापीठं आणि कॉलेजं)

खासगी विद्यापीठातून किंवा एखाद्या शिक्षण संस्थेच्या कॉलेजातून डिग्री घेऊन पुढं नाव काढलेला माणूस म्हंजे त्या संस्थेचा यशस्वी माजी विद्यार्थी. ऐकायला सोपं आहे, पण मराठवाड्यात लगेच गुंता होतो, कारण इथं कॉलेज एक, डिग्रीवरचं विद्यापीठ दुसरंच, आणि त्या विद्यापीठाचं नावही मधल्या काळात बदललेलं.

नांदेडचं पीपल्स कॉलेज घ्या. स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं १९५० ला सुरू झालं, म्हंजे निजामाच्या राजवटीतून सुटून दोनच वर्षं झालेली. इथं तेव्हा विद्यापीठच नव्हतं, त्यामुळं संलग्नता हैदराबादच्या उस्मानियाची. १९५८ ला औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ निघालं, जानेवारी १९९४ ला त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडला वेगळं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (स्वारातीम) झालं. आता एकाच घरात आजोबा उस्मानियाचे, बाप मराठवाडा विद्यापीठाचा आणि नातू स्वारातीमचा, आणि तिघंही पीपल्सचे. विचारलं तर विद्यापीठाचं नाव कुणीच सांगत नाही, कॉलेजचंच सांगतात.

नव्या खासगी विद्यापीठांचं उलटं आहे. औरंगाबादचं (आता छत्रपती संभाजीनगर) एमजीएम विद्यापीठ २०१९ चं, पण त्याच संस्थेचं जवाहरलाल नेहरू इंजिनिअरिंग कॉलेज १९८२ पासूनचं. चार वर्षांच्या बीटेकचा हिशोब लावला तर २०१९ च्या विद्यापीठाची पहिली बॅच २०२३ च्या आधी बाहेर पडूच शकत नाही, मग पन्नाशीतला एखादा कंपनीवाला इंजिनिअर नेमका कुणाचा माजी विद्यार्थी? त्याच्या डिग्रीवर बामूचा (आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा) शिक्का आणि शिकला मात्र याच आवारात. माझ्या मते ज्या वर्गात बसला त्याचाच तो, कागद काय म्हणतो ते नोकरीपुरतं.

या विषयात सगळ्यात वजनदार उदाहरण मात्र मिलिंद महाविद्यालयाचं. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ला काढली आणि १९५० ला औरंगाबादेत कॉलेज सुरू केलं, परिसराला नाव दिलं नागसेनवन. बौद्ध ग्रंथातला राजा मिलिंद प्रश्न विचारणारा आणि भिक्खू नागसेन उत्तरं देणारा, म्हंजे कॉलेजचं नाव प्रश्न विचारणाऱ्याचं ठेवलंय, हे लई लोकांच्या लक्षातच येत नाही. ज्यांच्या घरात आधी कुणी पाटीसुद्धा धरली नव्हती अशी पोरं खेड्यापाड्यातून येऊन इथल्या होस्टेलवर राहिली, आणि पुढं दलित साहित्यात पहिल्या फळीत आलेले बरेच जण इथं शिकलेले नाहीतर शिकवायला होते. प्राचार्य म. भि. चिटणीस, प्राचार्य म. ना. वानखेडे आणि 'अस्मितादर्श' या त्रैमासिकाचे संपादक गंगाधर पानतावणे, ज्यांना २०१८ ला पद्मश्री मिळाली, ही सगळी शिकवणारी मंडळी. यादी करताना लोक यांनाही माजी विद्यार्थ्यांत घालून मोकळे होतात.

कुरुंदकरांचंही तेच. विचारवंत नरहर कुरुंदकर 'पीपल्सचे' म्हणून अख्ख्या महाराष्ट्राला माहीत, पण ते तिथले प्राध्यापक आणि पुढं प्राचार्य, शिकले हैदराबादला, आणि तिथंही इंटरला नापास झाले होते. आजच्या निकषावर त्यांचा फोटो कुठल्या कॉलेजनं गुणवंतांच्या भिंतीवर लावला असता का, शंकाच आहे.

त्या भिंतीवर असतं कोण? पीएसआय, तहसीलदार, डॉक्टर, परदेशातला इंजिनिअर, एखादा आमदार. शाल, श्रीफळ, गेटवर फ्लेक्स. झेडपी शाळेत तीस वर्षं शिकवलेली बाई, गावातला कृषी केंद्रवाला किंवा पतसंस्थेचा मॅनेजर सहसा नसतो, खरंतर असल्या कॉलेजांतून बाहेर पडणारी बहुतेक माणसं हीच. याला एक सरकारी कारणपण होतं. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या जुन्या पद्धतीत सात निकषांतल्या पाचव्यात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला मार्क असायचे, नोंदणीकृत संघटना आहे का आणि त्यांनी संस्थेला किती पैसे दिले हे विचारायचे, म्हणून तपासणीची पीअर टीम यायच्या आधी व्हॉट्सॲप ग्रुप अचानक जागे व्हायचे.

एक फरक कामाचा आहे. सरकारी विद्यापीठांच्या अधिसभेत (सिनेटमध्ये) २०१६ च्या कायद्यानं दहा जागा नोंदणीकृत पदवीधरांतून निवडून येतात. खासगी विद्यापीठाला तो कायदा लागू नाही, कारभार नियामक मंडळाकडं, त्यामुळं तिथल्या पदवीधराला अशी मतपेटी मिळत नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मात्र डिग्रीला तीन वर्षं झाली आणि राहायला इथंच असला की खासगीवाल्याचंही नाव चालतं. तेव्हा अर्ज भरून घ्यायला संस्थेतूनच फोन येतो, मार्कशीटची झेरॉक्स घेऊन या म्हणून.